पुढचा प्रश्न

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला त्या दुपारी माझे पक्षकार, सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी काका, न्यायालयाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. जमीन वाचली होती, दावा खर्चासह फेटाळला गेला होता, आणि तरीही त्यांचा चेहरा उतरलेला होता. "वकीलसाहेब, जमिनीचं झालं. पण तो माणूस देवाची शपथ घेऊन खोटं बोलला, त्याचं काय?" असे त्यांनी विचारले. ते वादीच्या साक्षीदाराबद्दल बोलत होते आणि तो साक्षीदार त्यांच्याच गावचा होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले ते लिहून काढावे असे बरीच वर्षे मनात होते. ते लांबत गेले याचे कारण असे की त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

काकांनी साठेखत, म्हणजे जमीन पुढे विकण्याचा करार, करून दिले होते आणि विसार म्हणून एक लाख रुपये घेतले होते. पुढे व्यवहार फिसकटला तेव्हा खरेदीदाराने करारपूर्तीचा दावा लावला आणि आणखी चार लाख रुपये रोख दिल्याची एक पावती दाखल केली. काकांचे म्हणणे असे होते की कोऱ्या कागदावर आपली सही घेऊन ठेवली होती आणि मजकूर मागाहून भरला गेला. पावतीवर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या दोघांपैकी एक वारला होता आणि दुसरा हा गावकरी होता. त्याच्या सरतपासणीच्या, म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात एवढेच लिहिले होते की रक्कम आपल्या समक्ष मोजून दिली आणि पावतीवर आपण सही केली. तारखेचा उल्लेख त्यात नव्हता, आणि तो का नव्हता याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पावतीवर ज्या दिवसाची तारीख होती त्या सुमारास हा साक्षीदार पुण्यात रुग्णालयात होता अशी कुणकुण आम्हाला लागली होती. उलटतपासणीत मी त्याला विचारले, "त्या महिन्यात तुम्ही पुण्याला दवाखान्यात होतात ना?" त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तिची घडी अंगठ्याने सरळ केली आणि तो म्हणाला, "बायकोचं ऑपरेशन पुण्यालाच झालं." न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितले, 'हे म्हणणे खरे आहे की, माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया पुणे येथे झाली.' पुण्याचा उल्लेख साक्षीदाराच्या तोंडून आला या समाधानात मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. मी विचारले होते त्याच्याविषयी आणि उत्तर मिळाले त्याच्या पत्नीविषयी, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला तो वेगळ्याच कारणांनी. खरेदीदाराने दाव्यापूर्वी पाठवलेल्या नोटिशीत त्या चार लाखांचा उल्लेख नव्हता आणि एवढी रोकड कोठून आणली हे त्याला सांगता आले नाही. रुग्णालयाचे कागद निकालानंतर हाती आले. त्यांवर त्या साक्षीदाराचेच नाव होते आणि पावतीची तारीख त्याच्या दाखल असण्याच्या दिवसांत येत होती. मी मोठ्या उमेदीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली, खोट्या साक्षीबद्दल न्यायालयाने तक्रार करावी म्हणून, त्याच न्यायालयात अर्ज केला, आणि तो फेटाळला गेला. आदेशाचा आशय असा होता की, अमुक तारखेला मी हजर होतो असे वाक्य या साक्षीदाराच्या साक्षीत कोठेही नाही; रुग्णालयात नव्हतो असेही तो म्हणालेला नाही; आणि रक्कम दिल्याचे वादीला सिद्ध करता आले नाही याचा अर्थ ती दिलीच नव्हती असे सिद्ध झाले, असा होत नाही. आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद होती, पण तो मी तीनदा वाचला आणि अपील केले नाही, कारण आदेश बरोबर होता.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३च्या जानेवारीत दिलेला ब्रॉन्स्टन खटल्याचा निकाल वाचनात आला. सॅम्युअल ब्रॉन्स्टन हे चित्रपट निर्माते होते आणि त्यांची कंपनी युरोपात चित्रीकरण करीत असे. १९६२ साली त्या कंपनीची पाच देशांत मिळून सदतीस बँक खाती होती. १९६४च्या जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला, आणि १९६६च्या जूनमध्ये धनकोंच्या वतीने ब्रॉन्स्टन यांची शपथेवर तपासणी झाली. हा कराराच्या दाव्याच्या अगदी जवळचाच प्रकार होता, कारण थकलेले देणे कोणत्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते एवढेच तेथे शोधायचे होते. वकिलाने विचारले, स्विस बँकेत तुमची खाती आहेत का? ते म्हणाले, नाही. वकिलाने विचारले, कधी होती का? ते म्हणाले, कंपनीचे एक खाते झुरिकला सुमारे सहा महिने होते. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला. प्रत्यक्षात ब्रॉन्स्टन यांचे वैयक्तिक खाते जिनिव्हाच्या एका बँकेत जवळजवळ पाच वर्षे होते आणि त्यातून १ लाख ८० हजार डॉलरहून अधिक रकमेची उलाढाल झाली होती.

त्यांच्यावर शपथभंगाचा खटला झाला, ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि अपील न्यायालयाने ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने दोषसिद्धी रद्द केली. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, उत्तरातील प्रत्येक शब्द खरा होता. त्या उत्तरातून ऐकणाऱ्याची दिशाभूल झाली असेल, कदाचित ती व्हावी अशीच साक्षीदाराची इच्छा असेल, तरी खरे पण प्रश्नाला सोडून दिलेले उत्तर म्हणजे खोटी साक्ष नव्हे. साक्षीदार बगल देतो आहे हे ओळखून त्याला पुन्हा मूळ प्रश्नावर आणणे हे वकिलाचे काम आहे, आणि ते त्याने केले नाही तर ती उणीव फौजदारी खटल्याने भरून काढता येणार नाही. हे वाचताना मला ती टोपी आणि तिच्या घडीवरून फिरणारा अंगठा आठवला.

आपल्या कायद्यातही खोट्या साक्षीच्या व्याख्येत मुळात विधानच खोटे असावे लागते. भारतीय दंड संहितेचे कलम १९१, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२७ झाले आहे, असे सांगते की शपथेने बांधलेल्या माणसाने खोटे विधान करणे, आणि ते खोटे असल्याचे त्याला माहीत असणे किंवा ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नसणे, म्हणजे खोटी साक्ष. एका बाबतीत आपली तरतूद अमेरिकेपेक्षा कडक आहे. तेथे खोटे विधान प्रकरणातील महत्त्वाच्या मुद्द्याविषयी असावे लागते, आपल्याकडे तोंडी विधानाबाबत तशी अट व्याख्येत नाही. न्यायालयीन कामकाजात खोटी साक्ष देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि ही शिक्षा दिवाणी दाव्यातल्या साक्षीलाही तितकीच लागू आहे, ही गोष्ट पुष्कळ पक्षकारांना ठाऊक नसते.

असे असूनही असे खटले क्वचित का चालतात, हे मला काकांना समजावून सांगायचे होते. दिवाणी दाव्यात दिलेल्या खोट्या साक्षीची फिर्याद विरुद्ध पक्षकाराला पोलिसांत नोंदवता येत नाही. ज्या न्यायालयापुढे ती साक्ष झाली त्या न्यायालयानेच, किंवा त्याच्या वरिष्ठ न्यायालयाने, लेखी तक्रार करावी लागते. पूर्वीच्या कलम ३४० ची ही कार्यपद्धती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ मध्ये आहे. कागदाच्या बाबतीत थोडी वेगळी वाट आहे. इक्बालसिंग मारवाह प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की न्यायालयात दाखल होण्याआधीच बनावट केलेल्या दस्तऐवजाला ही अडसर लागू होत नाही. म्हणजे बनावट करारपत्राबद्दल पक्षकार स्वतः फिर्याद करू शकतो, पण त्या करारपत्राविषयी पिंजऱ्यात जे बोलले गेले त्याबद्दल नाही. त्याच निकालात असेही सांगितले आहे की प्रत्येक खोट्या विधानावर तक्रार केलीच पाहिजे असे न्यायालयावर बंधन नाही. न्यायाच्या हितासाठी ती आवश्यक आहे का, हे पाहावे लागते. त्याच्याही खूप आधी, १९७१ साली, छज्जूराम प्रकरणात म्हटले होते की खोटेपणा जाणूनबुजून केलेला दिसत असेल आणि शिक्षा होण्याचा वाजवी संभव असेल तरच खटल्याला परवानगी द्यावी.

मला हे संयमाचे धोरण मनापासून पटते. दिवाणी दाव्यात दोन्हीकडची माणसे आपापल्या आठवणीनुसार परस्परविरुद्ध बोलतात, आणि हरलेला प्रत्येक साक्षीदार आरोपी होऊ लागला तर गावातला शेजारी कोणाच्या बाजूने साक्ष द्यायला येणारच नाही. पण संयमाची उदासीनता होते तेव्हा काय घडते, हेही न्यायालयांनीच सांगितले आहे. २००० सालच्या स्वर्णसिंग प्रकरणात न्यायमूर्ती डी. पी. वाधवा यांनी लिहिले की खोटी साक्ष ही न्यायालयांतली रीतच होऊन बसली आहे, आणि तक्रारीवर स्वतः सही करावी लागते म्हणून न्यायाधीश ती करायला कचरतात. पुढे २००६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, न्यायालयाने लेखी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाही ती सही करण्याची मुभा मिळाली. अडचण इतकी बारीक होती की तिच्यासाठी कायद्यातली एक ओळ बदलावी लागली.

माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधी, साक्ष लिहून घेण्याच्या पद्धतीत आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आपल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत उलटतपासणी सहसा कथनाच्या रूपात उतरवली जाते. वकिलाचा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर यांचे मिळून 'हे म्हणणे खरे आहे की' किंवा 'हे म्हणणे खोटे आहे की' असे एक वाक्य तयार होते. वेळ वाचतो, आणि बहुतेक साक्षींना ते पुरतेही. पण साक्षीदाराने बगल दिलेली असते तेव्हा नेमका प्रश्नच कागदावरून नाहीसा होतो आणि त्याच्या तोंडी एक निरुपद्रवी, खरे वाक्य उरते. ब्रॉन्स्टन खटल्यात निदान प्रश्न शब्दशः नोंदलेला होता, म्हणून तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत तरी गेला. माझ्या प्रकरणात तोही नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० मध्ये यावर उपाय आहे: विशेष कारण असेल तर विशिष्ट प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे, अशी विनंती पक्षकाराला करता येते. नियम मला पाठ होता. त्या दिवशी तो वापरायचे मला सुचले नाही, आणि काकांना हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला, आणि एवढेच म्हणाले, "गावाला मात्र तो खरा नि मी खोटा वाटलो, वकीलसाहेब."

गेल्या पावसाळ्यात बांधकामाच्या बिलाच्या एका दाव्यात कंत्राटदाराच्या बाजूचा साक्षीदार पिंजऱ्यात होता. काम पूर्ण झाल्याच्या मोजमापाच्या कागदावर त्याची सही होती. मी विचारले, "ही मोजमापे घेताना तुम्ही स्वतः जागेवर हजर होता का?" तो म्हणाला, "साइटवर आमचा माणूस असतोच." मी थांबलो आणि हा प्रश्न व त्याचे उत्तर शब्दशः नोंदवावे अशी विनंती केली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी विनंती मान्य केली. स्टेनोने नवीन ओळीवर 'प्रश्न' असे टंकले आणि मी तोच प्रश्न 'स्वतः' या शब्दावर जोर देऊन पुन्हा विचारला. साक्षीदाराने आपल्या मालकाकडे पाहिले, मग टंकयंत्रासारख्या वाजणाऱ्या त्या कळफलकाकडे पाहिले. "नाही," तो म्हणाला, "मी नव्हतो. सही मी नंतर ऑफिसात केली."

साक्ष संपल्यावर छापलेली पाने त्याला वाचायला दिली. त्या ओळीशी आल्यावर त्याने तिच्याखाली बोट ठेवले, ती दोनदा वाचली, आणि पानाच्या तळाशी सही केली.