पाण्याची पाळी, रात्री दोनची

बेर्चुलेसमधल्या पहिल्या आठवड्यात माझी पक्की समजूत झाली होती की गावाला आम्ही नको आहोत. सकाळी पाव आणायला निघाले की समोरून येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "अदिओ!" मोबाइलवर शिकलेल्या माझ्या स्पॅनिशमध्ये 'अदिओस' म्हणजे निरोप. (शेवटचा 'स' इकडे कोणी उच्चारायचे कष्ट घेत नाही.) म्हणजे मी अजून पावाच्या दुकानापर्यंत पोचलेही नाही आणि हे मला वाटेला लावतायत! चार-पाच दिवसांनी उलगडा झाला. थांबून बोलायचं नसेल, नुसतंच एकमेकांना ओलांडून जायचं असेल, तर इथे 'अदिओ' म्हणतात. आपण नाही का दारातून बाहेर पडताना 'येते' म्हणत. मग मीही सुरू केलं. समोरून कोणी दिसलं की अदिओ. आपोआप ओळखी झाल्या.

बेर्चुलेस हे स्पेनच्या दक्षिणेला, ग्रनादा प्रांतात, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरचं गाव. या सगळ्या डोंगरपट्ट्याला आल्पुखारा म्हणतात. उंची साधारण 1300 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. वस्ती सातशेच्या आसपास, त्यात खालची जोडवाडी आल्कूतारही आली. ग्रनादाहून बस येते ती वळणं घेत घेत तीन तासांहून जास्त वेळ खाते. पर्यटक बहुतेक अलीकडेच, पांपानेइरा-कापिलेइराला उतरून फोटो काढून परत फिरतात, त्यामुळे आमच्या गावापर्यंत येणारा माणूस एक तर गावचा असतो, नाही तर वाट चुकलेला. मागे मुल्हासेन, 3479 मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी हा वर उरतोच.

आम्ही इथे कसे आलो ही गोष्ट फार रंजक नाही. नवऱ्याचं आणि माझं, दोघांचंही काम लॅपटॉपवर. 2023 पासून स्पेनने परदेशातल्या कंपनीचं काम इथे बसून करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. पुण्यातल्या ट्रॅफिकला कंटाळलो होतो, मूलबाळ नाही, एक वर्ष जाऊन बघू म्हटलं. कागदपत्रांपायी जो पिट्टा पडला त्यावर स्वतंत्र लेख होईल, पण तो वाचायला कोणाला आवडणार नाही.

घर मात्र मी बघताक्षणी पसंत केलं, आणि त्याचं कारण छप्पर. माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आजोबांचं घर धाब्याचं होतं: तुळया, वर किलचन, वर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. आल्पुखारातली जुनी घरंही धाब्याचीच. तुळया सागाऐवजी चेस्टनटच्या, किलचनाच्या जागी पाटीच्या दगडाचे तुकडे, आणि वर 'लाउना' नावाची करड्या रंगाची माती. पाटीचा दगड कुजून ही माती होते. ओली झाली की ती फुगून घट्ट बसते आणि पाणी खाली सोडत नाही. एकाचं धाबं ते वरच्या माणसाचं अंगण. उतरंडीसारखं सगळं गाव असं एकमेकांच्या डोक्यावर बसलंय, वर जाडजूड गोल धुराडी, आणि गल्लीवरूनच घराची खोली पलीकडे नेलेली असते, तिच्या खालच्या सावलीला 'तिनाओ' म्हणतात. पावसात तिथे मांजरं आणि म्हातारे थांबतात.

पुस्तकांतून सांगतात की ही घरं मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातल्या घरांसारखी आहेत. असतील. मला ती सामोडे-पिंपळनेरची वाटली.

डिसेंबरात आमचं धाबं गळलं. रात्री अंथरुणावर टप टप. आम्ही पातेलं लावलं, घरमालकाला फोन केला, त्याने 'मान्याना' म्हणजे उद्या असं सांगितलं, आणि तो उद्या तीन आठवड्यांनी उजाडला. तोवर शेजारची आजी येऊन वर बघून गेली. तिचं निदान: मागच्या वेळी लाउना टाकली तेव्हा चंद्र वाढता होता. माती नेहमी वद्य पक्षात टाकायची, नाही तर ती गळणारच. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर लगेच मान डोलावली असती.

थंडी मी कमी लेखली होती. घरात चुलीसारखी लोखंडी शेगडी, तिला ऑलिव्ह आणि बदामाची लाकडं. शिवाय 'मेसा कामिया': गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड, खाली विजेची शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची असायची. पाय कापडाखाली घालायचे आणि बाकीचा देह देवाच्या भरवशावर सोडायचा. मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात मी कोट-टोपीत दिसायचे, तेव्हा पुण्यातले सहकारी विचारायचे, "स्पेनमध्ये ऊन असतं ना?" असतं. बाहेर.

खाण्याचं सांगायला हवं. मी शाकाहारी आणि गाव हॅमच्या, म्हणजे डुकराच्या खारवून सुकवलेल्या मांडीच्या, मुलखात. शेजारच्या त्रेवेलेसचे हॅम डोंगरवाऱ्यावर महिनोन्महिने सुकवलेले, त्यांची कीर्ती देशभर. पहिल्यांदा बारमध्ये मी निक्षून सांगितलं, "मांस नको." मसुरांचं कालवण आलं, त्यात गुलाबी तुकडे तरंगत होते. मी विचारलं, तर बारवाला प्रामाणिकपणे चकित होऊन म्हणाला, "हे मांस कुठंय? हा हॅम आहे." ग्रनादा प्रांतात पेयाबरोबर तापा म्हणजे बारकं खाणं फुकट येतं. ती आमची तापा नवऱ्याच्या बशीत जायची. तो या व्यवस्थेबद्दल आजही हळवा होतो.

पण 'मीगास' मात्र माझे. पाऊस लागला की आपल्याकडे भजी, तशी इथे मीगास. देशात इतरत्र ती शिळ्या पावाच्या चुऱ्याची करतात, आमच्या भागात रव्याची. ऑलिव्ह तेलात भरपूर लसूण, मग रवा, पाणी, आणि कलथ्याने परतत राहायचं, सुटी मोकळी होईपर्यंत. शेजारच्या आजीच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या हातातला कलथा काढून घेतला आणि पुढचं परतलं. ती बघत राहिली. तिला काय सांगणार, उपमा आहे हा. फक्त मोहरी राहिली.

आता पाणी. मुळात मी हा लेख पाण्यासाठी लिहायला घेतला आणि खाण्यातच रमले.

घराबरोबर आम्हाला उतारावरच्या दोन पायऱ्यांची छोटी बाग मिळाली होती, आणि बागेबरोबर पाणी. गावाच्या वरून पाट जातो, त्याला म्हणतात 'आसेकिया'. शब्द मूळ अरबी, अस्-साकिया. इथे जे मुसलमान शेतकरी शेकडो वर्षं राहिले त्यांनी हे पाट डोंगराच्या कडेकडेने, अगदी हलका उतार देऊन खोदले. 1492 मध्ये ग्रनादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. पुढे धर्म, भाषा, पोशाख, सगळ्यावर बंदी आली, तेव्हा 1568 च्या नाताळात आल्पुखारात उठाव झाला. तो मोडायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. उठावाचा शेवटचा पुढारी आबेन आबू 1571 मध्ये बेर्चुलेसजवळच्याच एका गुहेत, आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला. उरलेल्यांना घरादारासकट उपटून कास्तियाकडे हाकललं, आणि रिकाम्या गावांत उत्तरेकडून माणसं आणून वसवली. गावात सांगतात की तेव्हा प्रत्येक गावात दोन-दोन मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांची, कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, कारण नव्या लोकांना पाट सांभाळता येत नव्हते.

या पाटांतले काही पाट पिकाला पाणी देतच नाहीत, हे मला कळायला वेळ लागला. वसंतात बर्फ वितळायला लागलं की खूप उंचावर ओढ्याचं पाणी कच्च्या पाटात वळवतात, आणि मैल दोन मैल नेऊन ते नुसतंच डोंगरावर सोडून देतात. ठरावीक जागी, जिथे खडक भुसभुशीत आहे तिथे. पाणी जिरतं, आतल्या आत सावकाश उतरतं, आणि उन्हाळ्यात, जेव्हा वर बर्फाचा कणही नसतो, तेव्हा खाली गावाच्या झऱ्यांना येतं. याला 'कारेओ' म्हणतात. पाणी अडवा, पाणी जिरवा! आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. मधल्या काळात माणसं शहरात गेली, पाट बुजले. आता ग्रनादा विद्यापीठातले पुरातत्त्वाचे लोक 2014 पासून स्वयंसेवक घेऊन सिएरा नेवादातले असे बुजलेले पाट मोकळे करतायत.

आमच्या पाटाची साफसफाई एप्रिलात. पाणी वापरणाऱ्यांची एक पंचायत असते, प्रत्येकाने एक तर माणूस द्यायचा नाही तर मजुरीचे पैसे. पैसे देणं सोपं होतं, पण आजी म्हणाली, "पैसे देशील तर पाहुणीच राहशील." तेव्हा सकाळी सातला आम्ही दोघं फावडी घेऊन हजर. काम म्हणजे काट्याकुट्या उपटायच्या, वाहून आलेले दगड काढायचे, उंदरांनी पोखरलेल्या जागी गवताचं मूळ असलेलं ढेकूळ ठासून बसवायचं आणि त्यावर पायाने नाचायचं. साठीच्या आतले आम्ही दोघंच असू. दहा वाजता सगळे बसले, चामड्याच्या बुधल्यातून वाइनची धार तोंडात सोडत. माझी धार गळ्यात गेली, म्हणजे बाहेरून. त्यानंतर सगळे माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलायला लागले.

दुपारी पाटकऱ्याने वर जाऊन दार उघडलं. इथे त्याला आसेकिएरो म्हणतात, पण पांझरेवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या पद्धतीत, आजोबांच्या वेळी जो पाटकरी होता तोच हा, टोपीसकट. आम्ही कडेला उभे राहिलो. आधी नुसता आवाज, कागद चुरगळल्यासारखा. मग पाण्याची जीभ आली, बोटभर उंच, पुढे वाळका पाला, फेस, मुंग्या, एक बाटलीचं बूच ढकलत. ती मध्येच थांबायची, एखादं बीळ पिऊन घ्यायची, परत निघायची. माझ्या चालण्यापेक्षा हळू. आम्ही तिच्याबरोबर चालत गावापर्यंत आलो.

मग पाळी. दर बाराव्या दिवशी चाळीस मिनिटं. वेळ रात्री दोन. का दोन? कारण त्या तुकड्याला पूर्वीपासून दोनचीच आहे. पहिल्या दोन पाळ्या मी नीट सांभाळल्या. डोक्याला बॅटरी, पायात रबरी बूट, पाटातली पत्र्याची फळी उचलायची, आपली चारी उघडायची, वाफे भरायचे, फळी परत बसवायची. तिसऱ्या पाळीला मी फळी बसवली, पण तिच्याखाली दगड अडकला होता तो पाहिला नाही, आणि घरी येऊन झोपले. पाणी रात्रभर आमच्या बागेतून खालच्या पायरीवर उतरत राहिलं. खालची पायरी आजीची. सकाळी तिच्या घेवड्याच्या ओळी चिखलात आडव्या, काठ्यांसकट.

मी माफी मागायला गेले तेव्हा ती काठ्या परत उभ्या करत होती. ओरडली नाही. म्हणाली, घेवडा उठेल. पण माझ्यानंतर ज्याची पाळी होती त्याला पाणी कमी पोचलं, त्याच्याकडे आधी जा. गेले. त्याने पाटात सत्तर वर्षांत कोणी कोणाचं पाणी कसं खाल्लं याचा इतिहास तासभर ऐकवला, दोघं भाऊ तीस वर्षं एकमेकांशी का बोलत नाहीत तेही सांगितलं, आणि निघताना डझनभर अंडी हातात ठेवली. आजोळी याच कारणावरून डोकी फुटलेली आहेत, त्यामुळे अंडी मी मुकाट्याने घेतली.

भरपाई म्हणून मी आजीला बागेतली मेथी नेऊन दिली. तिने पानं चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, "अलोल्वा! ही गुरांना घालतात." तरी भाजी तिने खाल्ली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, गुरांना का आवडते ते कळलं.

गुरांवरून आठवलं, 25 एप्रिलला सान मार्कोस. हा संत इथे जनावरांचा रखवालदार. घोडे, खेचरं, शेळ्या सजवून मिरवणुकीत आणतात आणि त्यांना आशीर्वादाचे गोल पाव खाऊ घालतात. आईला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं, "पोळा एवढा लवकर?"

आणि ऑगस्टात नवीन वर्ष. चेष्टा नाही. एका 31 डिसेंबरच्या रात्री गावाची वीज गेली, सगळ्या जेवणावळी, सगळा धंदा अंधारात बुडाला. गावाने ठरवलं, वर्ष उन्हाळ्यात बदलू. 1994 पासून ऑगस्टाच्या सुरुवातीला बेर्चुलेसमध्ये मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं खातात, नाताळची मिठाई विकतात, आणि सातशेच्या गावात हजारो माणसं येतात. तीस अंशांत लोकरी सांताटोपी घातलेला नवरा मी याचि डोळा पाहिला.

आमची शेवटची पाळी सप्टेंबरात आली. सामान बांधून झालं होतं, बागेत थोडे टोमॅटो उरले होते, पाणी दिलं नसतं तरी चाललं असतं. गेले तरी. चाळीस मिनिटांनी फळी उचलून तिच्याखाली हात फिरवला, दगड नाही ना पाहिलं, आणि बसवली. खालच्या वाटेने एक बॅटरी हलत वर आली. आजीची पाळी अजून व्हायची होती, पण ती आधीच आली होती.

"अदिओ," मी म्हटलं.

"अदिओ," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून खाली वाकली व फळीखाली स्वतः हात घालून बघितला.