तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलगुर्ली कोणी वसवली?

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या पर्थला आमच्याकडे येणारे पाहुणे कॅलगुर्लीची सोन्याची खाण पाहून परतले की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: एवढ्या रखरखीत मुलखात हे गाव वसवले कोणी? तिथे सोने शोधणाऱ्या पॅडी हॅननचे नाव त्यांनी ऐकलेले असते, कारण गावाचा मुख्य रस्ता त्याच्या नावाचा आहे आणि त्याच रस्त्यावर त्याचा पुतळाही आहे. माझ्या मते मात्र हे श्रेय आधी पाणी शोधणाऱ्यांना, वाहून आणणाऱ्यांना आणि पोहोचवणाऱ्यांना द्यायला हवे.

सोन्याची हकिगत तशी थोडकी आहे. सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डी येथे सोने सापडले आणि बेलीने ५५४ औंस, म्हणजे सुमारे १७ किलो सोने घेऊन सदर्न क्रॉस हे गाव गाठले. पुढच्या वर्षी जूनमध्ये हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश माणसांना तिथून सुमारे ४० किलोमीटरवर सोने मिळाले. तीच आजची कॅलगुर्ली. बातमी फुटताच हजारो माणसे लोटली, पण सोने धुण्यापुरतेही पाणी तिथे नव्हते. म्हणून खणलेली कोरडी माती एका थाळीतून दुसऱ्या थाळीत उंचावरून ओतत. आपल्याकडे खळ्यावर धान्य उफणतात त्याप्रमाणे वाऱ्याने धूळ उडून जाई आणि जड कण खाली पडत.

पिण्याच्या पाण्याची ठिकाणे तिथल्या मूळ रहिवासी वांगकाथा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ग्रॅनाइटच्या खडकातल्या खोलगट भोकांत पावसाचे पाणी साठते, आणि ते आटू नये म्हणून ही माणसे त्यावर दगड किंवा फांद्या झाकून ठेवत. त्यांच्या या ज्ञानावर बाहेरचे लोक जगले. डेव्हिड कार्नेगीसारख्या प्रवाशाने तर वाळवंटातल्या मूळ रहिवाशांना पकडून पाण्यापर्यंत नेण्यास भाग पाडले आणि ते स्वतःच लिहूनही ठेवले. हा भाग सांगितल्याशिवाय त्या जिल्ह्याचा इतिहास सांगितला असे मला म्हणवत नाही.

त्यानंतर आले उंटवाले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई, पण त्यांत बलुची, सिंधी आणि पंजाबीही होते. बरेच उंट कराचीहून जहाजाने येत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. फैज आणि ताघ महोमेद या भावांचा उंटांचा मोठा व्यवसाय कूलगार्डीत होता. अन्न, अवजारे, पाणी अशी ओझी उंटांवरूनच पुढच्या छावण्यांपर्यंत जात. तरीही आशियाई परकीयांना सोने खणण्याचा परवाना कायद्याने नाकारलेला होता. ताघ महोमेदचा जानेवारी १८९६ मध्ये कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढताना खून झाला.

खाऱ्या तळ्यांचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेले गोडे पाणी विकले जाई. त्या भट्ट्यांसाठी आसपासची झाडे तुटली, आणि घाणीमुळे फैलावलेल्या विषमज्वराने कित्येक तरुण दगावले.

हे थांबवले ते चार्ल्स ओ’कॉनर या मुख्य अभियंत्याने. पर्थजवळच्या मंडारिंग येथे धरण बांधायचे आणि वाफेवर चालणाऱ्या आठ पंपिंग स्टेशनांनी पाणी सुमारे ५३० किलोमीटर लांब नळातून खाणींपर्यंत चढवायचे, ही त्याची योजना होती. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून त्याच्यावर इतकी चिखलफेक झाली की १० मार्च १९०२ रोजी त्याने आत्महत्या केली. २४ जानेवारी १९०३ रोजी कॅलगुर्लीत पाणी पोहोचले. पर्थहून गाडीने जाताना तो नळ कित्येक मैल रस्त्याच्या कडेने सोबत करतो, आणि त्यातून पाणी आजही वाहते आहे.