गोल वस्तू तापते तेव्हा

बांगडे तळायला तेल पुरेसं तापलं की नाही, हे प्रत्येक घरात आपापल्या रीतीने ठरतं. कोणी मोहरीचा दाणा टाकून बघतं, कोणी वर हात धरतं. मी तिरप्या उजेडात नुसता बघत राहतो. आमच्या फोंड्याच्या घरात अकराच्या सुमाराला ऊन नेमकं शेगडीवर येतं. तव्यात खोबरेल तेलाचा पातळ थर असावा आणि आच मंद असावी. मग त्या थरावर बारीक जाळी उमटते. एकेका घराच्या मधोमध गरम तेल वर येतं, पसरतं, जरा निवतं आणि कडेने खाली जातं. शेजारच्या घराचंही तेच चाललेलं, म्हणून मधली सीमा दोघांची सामाईक.

“तेल बघून पोट भरत असेल तर बांगडे मांजराला घालते हां,” इति वहिनी.

ही जाळी नीट मोजूनमापून पाहिली ती आंरी बेनार या भौतिकशास्त्रज्ञाने, 1900 साली, फ्रान्समध्ये. त्याने देवमाशाचं मेण वितळवून त्याचा पातळ थर खालून तापवला आणि त्यात बऱ्यापैकी रेखीव षटकोन दिसले. 1916 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने त्याचं गणित मांडलं: गरम द्रव हलका होऊन वर चढतो, एवढंच गृहीत धरून. खालचं-वरचं तापमान, थराची जाडी, द्रवाचा दाटपणा, उष्णता झिरपण्याचा वेग, हे सगळं एकाच आकड्यात कोंबता येतं. दोन घट्ट पत्र्यांमधल्या थरासाठी हा आकडा सुमारे 1708 च्या आत असेल तर द्रव गपगार बसतो, उष्णता नुसती झिरपत वर जाते. तो ओलांडला की उलथापालथ सुरू. गंमत अशी की बेनारचे षटकोन मुळात या कारणाने झालेच नव्हते. पातळ थरात पृष्ठताणाची, म्हणजे द्रवाच्या वरच्या पृष्ठभागाची, ओढ जास्त चालते, हे 1950 च्या दशकात उलगडलं. म्हणजे चाळीसेक वर्षं गणित बरोबर होतं आणि ते लावलं होतं भलत्याच भांड्याला! आमच्या तव्यातली जाळीही पृष्ठताणाचीच.

तवा सपाट, म्हणून षटकोनांचं फावतं. गोलावर तसं नाही. पुतण्याचा जुना फुटबॉल घेऊन बसलं की कळतं. पांढरे षटकोन 20, काळे पंचकोन 12. नुसते षटकोन जोडत गेलात तर कापड सपाटच राहतं, चेंडू मिटतच नाही. तुकडे कितीही बारीक करा, षटकोन हवे तेवढे वाढवा, ते बारा पंचकोन काही टळत नाहीत. गणितज्ञ ऑयलरचं अठराव्या शतकातलं सूत्रच तसं आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर त्याची कोणी फिकीर करत नाही, ते सोडा.

आता आपल्या पायाखाली सुमारे 2900 किलोमीटर जाडीचं प्रावरण आहे, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला थर. खडकच, पण लाखो वर्षांच्या हिशेबात वाहणारा. खालून गाभ्याची ऊब, वर थंड कवच. तिथे नक्षी कुठली उमटावी? थराची जाडी कळली की गोलाभोवती वर चढणारे आणि खाली उतरणारे प्रवाह साधारण किती बसतील, हे गणित सांगतं. ते मांडायचे कसे, हे मात्र सांगत नाही. उत्तर चार आलं तर मूळ नक्ष्या नऊ, दुप्पट अधिक एक. त्यांची हवी तशी मिसळ करा, सुरुवातीला सगळ्या सारख्याच पात्र. हा गुंता भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश बुसने 1975 मध्ये बराचसा सोडवला. प्रवाह जरा जोर धरू लागले की नक्ष्या एकमेकींच्या पायात पाय घालतात आणि थोड्याच टिकतात. चारच्या बाबतीत घनासारखी, म्हणजे सहा बाजूंच्या फाशासारखी, सममिती असलेली नक्षी पुढे येते. गोल थरातून घनाची आठवण निघावी, हे मला अजूनही पचलेलं नाही.

हे प्रयोगशाळेत करून बघायचं तर पंचाईत. गोळ्याच्या बाबतीत ‘खाली’ म्हणजे सगळीकडून केंद्राकडे. टेबलावर ठेवलेल्या गोळ्यातल्या तेलाला मात्र ‘खाली’ म्हणजे फक्त फरशीकडे, मग सगळी ऊब माथ्याशी जमते. म्हणून ‘जिओफ्लो’ नावाचा प्रयोग 2008 मध्ये अंतराळ स्थानकावर गेला. एकात एक दोन गोल, मध्ये सिलिकॉन तेल, आतला गोल ऊबदार आणि दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतदाब. थंड तेलाला हे विद्युतक्षेत्र आतल्या गोलाकडे जास्त ओढतं. झालं केंद्राकडे खेचणारं बनावट गुरुत्व. एवढा खटाटोप कशासाठी, तर तेलाला ‘खाली’ कुठे ते कळावं म्हणून.

संगणकावरही हे करून झालं आहे. 1989 मधल्या एका गाजलेल्या आकडेमोडीत प्रावरणाएवढा थर खालून तापवला, तर चार उष्ण खांबांची चौफलकी (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीसारखी) नक्षी मिळाली आणि सहा खांबांची घनासारखीही. सुरुवात जरा वेगळी केली की शेवट वेगळा. खऱ्या पृथ्वीने दोन्हींना हात लावलेला नाही. भूकंपाच्या लहरींतून दिसतात ते प्रावरणाच्या तळाशी दोनच अवाढव्य ढिगारे, एक आफ्रिकेखाली आणि एक प्रशांत महासागराखाली. वरून बुडणाऱ्या थंड भूपट्टांनी आणि खडकातल्या किरणोत्सारी उष्णतेने ती रेखीव सममिती केव्हाच विस्कटून टाकली आहे.