तुम्ही विचारलंत म्हणून: यीस्टच का?

"माणसाचा रिसेप्टर अभ्यासायचाय ना? मग माणसाचीच पेशी घ्या की!" माझं बोलून झालं की कुणीतरी हे म्हणतंच. सूर असा, की हे मला सुचलंच नसावं.

सुचलं होतं हो. पण रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात बसून बाहेरचा निरोप आत कळवणारं प्रोटीन, आणि आत जी-प्रोटीनला निरोप देणारे असे रिसेप्टर माणसाच्या जनुकसंचात सुमारे ८००. पेशीत त्यातले कितीतरी आधीच बसलेले, त्या गलबल्यात उत्तर कुणी दिलं हे ठरवणं कठीण. एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) यीस्टमध्ये असे दोनच: एक जोडीदाराचा फेरोमोन ओळखतो, दुसरा साखर. फेरोमोनवाला काढायचा, माणसाचा बसवायचा, आणि त्याच्याशी जुळावं म्हणून यीस्टच्या जी-प्रोटीनच्या शेपटाची शेवटची पाच अमिनो आम्लं बदलायची. माणसाचा बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर (ॲड्रेनलिन ओळखणारा) तर १९९० मध्येच यीस्टमध्ये चालवून दाखवला गेलाय.

एवढं मी ठासून सांगते. पुढचं सांगत नाही.

माझ्या रिसेप्टरला हिरवं चमकणारं जीएफपी हे प्रोटीन जोडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या काठाने लखलखीत हिरवं कडं दिसलं. पोचला मेम्ब्रेनवर, पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर! फोटो त्याच रात्री सगळ्यांना पाठवला. मग चार महिने लायगंड (रिसेप्टरला चिकटून त्याला जागं करणारा रेणू) घालत बसले, सिग्नल शून्य. दोष लायगंडला दिला, सिग्नल आल्याचं दाखवणाऱ्या रिपोर्टर जनुकाला दिला, पाण्यालासुद्धा दिला. शेवटी एका ज्युनिअरने मूळ फोटो पाहून विचारलं, "मॅडम, हे आतलं कडं कशाचं?"

यीस्टमध्ये एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (नवी प्रोटीनं जिथे घडतात ते पेशीतलं जाळं) केंद्रकाभोवती असतं, तसंच मेम्ब्रेनला आतून चिकटूनही. माझं प्रोटीन तिथेच अडकलं होतं. बाहेरचं कडंही त्याचंच.

आतलं कडं मला पहिल्याच रात्री दिसलं होतं. फोटो 'स्वच्छ' दिसावा म्हणून मीच ब्राइटनेस उतरवला होता. फसवायचं नव्हतं. निदान तसं मी स्वतःला सांगते.

तेव्हाची मी अजून भांडते: यात यीस्टचा काय दोष? गॅलॅक्टोजचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारी कळ, तूच सुसाट सोडलास, प्रोटीनला नीट घडी पडायला वेळच दिला नाहीस. खरंय. तापमान ३० वरून २० अंशांवर आणल्यावर थोडं प्रोटीन बाहेर पोचलं. सिग्नल मात्र क्षीणच. यीस्टच्या मेम्ब्रेनमध्ये कोलेस्टेरॉल नाही, एर्गोस्टेरॉल आहे. काही रिसेप्टरांना तो फरक सोसत नाही. कोलेस्टेरॉल बनवणारं यीस्टही तयार झालंय. पण असं माणसाळवत गेलं, तर तुमचाच प्रश्न बरोबर ठरतो की काय, हे मला रात्री छळतं. दिवसा मी भांडेनच.

सध्या तेच कोलेस्टेरॉलवालं यीस्ट वाढवतेय. बाहेरचं कडं जरा जाड वाटतं. ज्युनिअरला दाखवलं. तिला दोन्ही सारखीच दिसतात.