तुम्ही विचारलंत म्हणून: माकडताप खरंच पसरला का?

साथीच्या आजारांचे नकाशे करते म्हटलं की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडीकडचा माणूस हमखास विचारतो, "मॅडम, ह्यो ताप आधी होतो काय आताच इलो?" मुंबईतले लोक हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारतात: आजार पसरला, की तुम्ही शोधायला लागलात म्हणून दिसला?

प्रश्न रास्त आहे. 1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासची माणसं तापाने आजारी पडली. आधी शंका आली पीतज्वराची, कारण तो आशियात शिरला असता तर हाहाकार झाला असता. पुण्याच्या विषाणू केंद्राने तपासल्यावर निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून येणारा. तोच हा माकडताप. पुढची पन्नासेक वर्षं नकाशा जवळजवळ हलला नाही: शिमोगा आणि भोवतालचे कर्नाटकातले चार जिल्हे. मग 2012 मध्ये बंदीपूर, 2013 मध्ये केरळातलं वायनाड, 2015 मध्ये गोव्यातली सत्तरी, 2016 मध्ये आपलं दोडामार्ग, पुढच्या वर्षी बांदा. चार-पाच वर्षांत एवढी उडी!

गंमत अशी की रक्तातला विषाणू झटपट ओळखणारी पीसीआर चाचणीही 2012 च्या सुमारासच हाताशी आली. म्हणजे शंकेखोरांच्या म्हणण्यात दम आहे. चाचणी नसेल तिथे ताप हा नुसता ताप असतो. फार तर लेप्टो नाहीतर डेंग्यू. आणखी एक पुरावा त्यांच्या बाजूचा: कच्छ-सौराष्ट्रात आणि अंदमानात माणसांच्या रक्तात या किंवा याच्या जवळच्या विषाणूची प्रतिपिंडं सापडली आहेत, पण तिथे माकडतापाची साथ कोणी पाहिलेली नाही.

तरीही सत्तरी-दोडामार्गपुरतं माझं मत विचाराल तर आजार खरंच आला. याचं कारण मला चाचणीत नाही, ऋतूत दिसतं. लेप्टो आपल्याकडे पावसाळ्याचा, डेंग्यूही पावसाच्या मागोमाग येणारा. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. गोचिडीची पिल्लं तेव्हा पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, असतात आणि नेमकी तेव्हाच माणसं काजू वेचायला, पातेरा आणि लाकूडफाटा गोळा करायला रानात असतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत एकाच गावात घराघरात कडक ताप, काहींना रक्तस्राव, आणि बागेत मेलेली वानरं. वायनाडमधला एखादा विखुरलेला रुग्ण वर्षानुवर्षं निसटू शकतो. असं गावच्या गाव डॉक्टरांच्या नाही तरी गावकऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. गोवा आणि महाराष्ट्रातल्या विषाणूंचं मूळही जनुकीय तुलनेत कर्नाटकाकडेच जातं.

कसा आला, हे सांगणं अवघड. लोक वानरांकडे बोट दाखवतात, पण ती बिचारी माणसासारखीच बळी आहेत. मला जास्त बोलकं वाटतं ते कर्नाटकातलं 1983 चं बेळतंगडी. तिथे काजू लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि मोठी साथ उसळली. आपल्याकडेही जंगलाला खेटून काजूच्याच बागा आहेत. म्हणून नकाशात मी रुग्णांखाली जंगलाची कड आणि बागा दाखवते. तालुका सरसकट लाल रंगवला की मालवणच्या किनाऱ्यावर येणारा पर्यटकसुद्धा उगाच घाबरतो. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. करोनाच्या नकाशात रुग्णाचा ठिपका म्हणजे धोका होता. इथे तो फक्त पत्ता आहे.

आणि पत्ता तरी कुठला? दोडामार्गचा मजूर राहतो एका वाडीत, काजू वेचतो दुसऱ्या गावात, आणि अत्यवस्थ झाला की उपचाराला जातो गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात. कागदावर कधी घराचा पत्ता येतो, कधी दवाखान्याचा. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. त्यामुळे खरा उपयोगी प्रश्न एकच: गेल्या आठ-दहा दिवसांत रानात कुठे गेला होतात? त्याचं उत्तर आशाताईंना जेवढं नीट मिळतं तेवढं आमच्या संगणकाला कधीच मिळत नाही.

आता उत्तरेकडे, रत्नागिरीकडे सरकेल का, हा पुढचा प्रश्न. तपासणीच झालेली नाही त्या भागाला मी पांढरा रंग देत नाही, राखाडी देते. तुमचं गाव राखाडीत असेल आणि रानात मेलेलं माकड दिसलं, तर हात लावू नका, जवळही जाऊ नका. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बहुतेकदा माणसाच्या तापाआधी तीच पहिली खबर असते.