मावशीच्या फुप्फुसातली गुठळी

मावशीच्या गुडघ्याचा सांधा बदलून नऊ दिवस झाले होते. वॉकर धरून स्वयंपाकघरात जाताना तिला एकाएकी अशी धाप लागली की उंबऱ्यापाशीच तिने भिंतीला पाठ टेकली. सीटी अँजिओत कारण कळले: पायाच्या शिरेत साकळलेली गुठळी निसटून, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकून, दोन्ही फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकली होती.

अशा आजारात माणूस श्वास कोंडून जातो, असा माझा समज होता. खरा घात हृदयाचा होतो. त्याचा उजवा खालचा कप्पा पातळ भिंतीचा असतो आणि त्याला कमी दाबावर काम करण्याची सवय असते. पुढची वाट तुंबली की तो फुगतो, डाव्या बाजूला पुरेसे रक्त पोचत नाही आणि रक्तदाब कोसळतो. मावशीचा रक्तदाब हेपॅरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारे औषध, चालू असतानाही उतरत होता.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे धोक्याचे होते, कारण घातक गुठळी कोणती आणि ताजी जखम बंद ठेवणारी कोणती, हे त्या औषधाला कळत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, हजारावर रुग्णांच्या एका चाचणीत असे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे 2 टक्क्यांना मेंदूत रक्तस्राव झाला होता.

तेव्हा कॅथेटरचा मार्ग ठरला. जागा बधिर करून जांघेतल्या शिरेतून नळी आत घातली जाते आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, हृदयातून वळवून, ती गुठळीपर्यंत नेली जाते. यांतल्या मोठ्या नळ्या 24 फ्रेंच, म्हणजे 8 मिलिमीटर व्यासाच्या असतात. पुढचे तत्त्व अगदी साधे आहे: मोठ्या सिरिंजमध्ये निर्वात पोकळी करून ठेवायची, खटका उघडायचा आणि गुठळी ओढून घ्यायची. हेच काम छाती उघडून करण्याचा प्रयत्न शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1908 मध्ये जर्मनीत केला होता. त्या शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचायला 1924 उजाडले.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला गॉजवर मांडलेल्या गुठळ्या दाखवल्या. काळपट लाल, झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या. ज्या वाहिनीत त्या बसल्या होत्या, तिचा जणू ठसाच. मला पाहवत नव्हते, मावशीला मात्र फोटो हवा होता. टेबलावरच तिच्या नाडीचे ठोके खाली आले होते, आणि संध्याकाळी ती सलग वाक्ये बोलू लागली. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता किमान तीन महिने चालेल. पहिल्याच आठवड्यात तिने ती घ्यायची एकदा विसरून दाखवली आहे.