एकाच ओढ्याकाठी पाच दिवस

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी निसर्ग आणि विज्ञानाचे उन्हाळी शिबिर आखायला बसले, की मी आधी वेळापत्रकातून गोष्टी वगळायला घेते. पहाटे पक्षीनिरीक्षण, मग डोंगरचढाई, दुपारी रॉकेट तयार करणे, संध्याकाळी सापांवर व्याख्यान आणि रात्री दुर्बीण असा भरगच्च कार्यक्रम माहितीपत्रकात शोभून दिसतो. पण एवढ्या धावपळीत मुलाला स्वतःचा प्रश्न पडायला उसंत मिळत नाही. पाच-सहा दिवसांच्या शिबिरात मुलांनी एकच जागा, मग ती एखादा ओढा असो, तळे असो किंवा झाडीचा छोटा तुकडा असो, रोज जाऊन पाहावी, मोजावी आणि आपल्याच नोंदींवरून एकमेकांशी वाद घालावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे वय त्यासाठी फार अनुकूल असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून मुले डोळ्यांसमोर नसलेल्या शक्यतांचाही पद्धतशीर विचार करू लागतात, अशी मांडणी केली होती. हा बदल सर्वांत एकाच वेळी आणि एकसारखा होत नाही, हे पुढील संशोधनातून दिसले; तरीही या वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही तो जाणवतो. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हे खरे कशावरून?’ हा प्रश्न याच सुमारास येतो. सरासरी, गुणोत्तर आणि आलेख नुकतेच शिकून झालेले असतात, मात्र ते कशासाठी शिकलो हे बहुतेकांना अजून समजलेले नसते.

ओढ्याचेच उदाहरण घेऊ. एकाने प्रवाहाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी उभी धरायची, दुसऱ्याने वरच्या बाजूचे दगडगोटे पायाने ढवळायचे आणि जाळीत आलेले सारे पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचे. क्षणभर फक्त गाळ आणि कुजकी पाने दिसतात. मग गाळ हलू लागतो. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या झालरी असलेली मेफ्लायची पिल्ले, वाळूचे कण चिकटवून स्वतःसाठी नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या, चतुराची शिकारी पिल्ले असे पाण्यात वाढणारे कीटक एकामागून एक ओळखू येतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या गटांतील बहुतेक जातींना भरपूर ऑक्सिजन असलेले स्वच्छ पाणी लागते. याउलट मिज नावाच्या बारीक माश्यांच्या लाल अळ्या त्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तग धरतात. त्यामुळे ट्रेमध्ये कोण किती आहे यावरून पाण्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो, आणि ही पद्धत जगभर नद्यांच्या देखरेखीसाठी प्रत्यक्ष वापरली जाते. पाण्याचे तापमानही नोंदवावे, कारण समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो.

खरे शिक्षण मात्र दोन गटांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा सुरू होते. एका गटाला मेफ्लायची पिल्ले पुष्कळ मिळतात, दुसऱ्याला जवळजवळ नाहीच, आणि दोन्ही गट आपापल्या नोंदींवर अडून बसतात. अशा वेळी मार्गदर्शकाने उत्तर सांगून टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना विचारू द्यावे: तुम्ही खळाळत्या पाण्यात जाळी लावली होती की संथ डोहात? किती वेळ ढवळले? दगड उलटून पाहिले का? थोड्याच वेळात ती स्वतःच ठरवतात, की उद्या सर्वांनी दोनच मिनिटे ढवळायचे आणि प्रत्येक गटाने खळाळ व डोह या दोन्ही ठिकाणचे नमुने वेगवेगळ्या ट्रेमध्ये घ्यायचे. प्रयोगाची पद्धत आधी ठरवून ती सर्वांनी सारखी का पाळावी लागते, हे वर्गात कितीही वेळा सांगितले तरी इतके पटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यावर परत जाता आले नाही, तर हा धडा अर्धवटच राहतो.

गोगलगायी मोजण्याचा प्रयोगही माझ्या फार आवडीचा आहे. झाडीच्या एका तुकड्यात सापडलेल्या ४० गोगलगायींच्या शंखांवर बिनविषारी रंगाचा लहानसा ठिपका द्यायचा आणि त्यांना जिथल्या तिथे सोडायचे. एक-दोन दिवसांनी पुन्हा शोध घेऊन समजा ५० मिळाल्या आणि त्यांपैकी १० ठिपक्याच्या निघाल्या, तर पाचांत एक ठिपक्याची म्हणून एकूण संख्या सुमारे २००. सातवीच्या मुलाला हे गुणोत्तर सहज समजते. मग शंका येतात: ठिपका पुसला गेला तर? काही गोगलगायी तुकड्याबाहेर गेल्या तर? ठिपक्यामुळे पक्ष्यांना त्या लवकर दिसत असतील तर? यातील प्रत्येक शंका लिंकन-पीटरसन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची एकेक अट आहे, आणि मुलांनी ती कोणी न सांगता शोधलेली असते. पकडलेला प्रत्येक जीव सावलीत ठेवणे आणि सापडला तिथेच सोडणे, हा नियम अर्थातच सर्व प्रयोगांना लागू आहे.

रात्रीच्या आकाशाला दुर्बीण असलीच पाहिजे असे नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप तो सराव मोडते. म्हणून विजेऱ्यांना लाल कागद लावावा आणि फोन आत ठेवावेत.

फोनचा विषय निघालाच आहे, तर एका अभ्यासाचा उल्लेख करते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहावीच्या मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. निसर्ग शिबिरात पाच दिवस फोन, टीव्ही, संगणक अशा कोणत्याही पडद्याविना राहिलेली ५१ मुले, नेहमीप्रमाणे पडदे वापरणाऱ्या ५४ मुलांच्या तुलनेत, चेहऱ्यांवरचे आणि देहबोलीतले भाव ओळखण्यात अधिक सुधारली होती. हा परिणाम पडदे नसल्याचा, निसर्गाचा की दिवसभराच्या सहवासाचा, हे त्या रचनेतून वेगळे काढता येत नाही, त्यामुळे मी त्याचा फार मोठा दावा करणार नाही. परंतु ट्रेभोवती डोकी एकत्र करून वाद घालणारी मुले पाहिल्यावर मला तो निष्कर्ष अनपेक्षित वाटला नाही.

पालकांनी शिबिर निवडताना उपक्रमांची यादी बाजूला ठेवून काही साधे प्रश्न विचारावेत. एका मोठ्या माणसाकडे किती मुले असतील? अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांनुसार ९ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी निवासी शिबिरात आठ मुलांमागे एक आणि दिवसाच्या शिबिरात दहा मुलांमागे एक व्यक्ती असावी लागते. पाण्यात उतरताना खोलीची मर्यादा कोण ठरवते? मेघगर्जना ऐकू येताच मुलांना पक्क्या इमारतीत नेण्याची आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर न सोडण्याची पद्धत आहे का? या वयात अनेक मुलींची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, कधी शिबिरातच पहिल्यांदा येते. तेव्हा आडोशाची स्वच्छतागृहे, पॅड आणि निःसंकोच बोलता येईल अशी एखादी बाई तिथे आहे का? हे प्रश्न विचारायला अवघडल्यासारखे वाटते, तरी ते विचारावेतच. मोकळेपणाने उत्तरे देणाऱ्या आयोजकांवर माझा अधिक विश्वास बसतो.

शेवटच्या दिवशी मुले पालकांसमोर आपले काम मांडतात, आणि त्यासाठी रंगीत तक्ते करण्यात आदली सगळी संध्याकाळ खर्ची पडते. त्याऐवजी प्रत्येक गटाने आपली चिखलाचे डाग पडलेली नोंदवही उघडून तीन गोष्टी सांगाव्यात, असे मी सुचवते: काय मोजले, आकडे कुठे जुळले नाहीत, आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या नोंदी तारीख, वेळ, जागा आणि पद्धतीसह जपून ठेवल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओढ्यावर येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी तुलनेसाठी काहीतरी हाताशी असते, आणि न सुटलेल्या प्रश्नांपासूनच त्यांना कामाला सुरुवात करता येते.